शेऱ्याचा रकाना

मागच्या महिन्यात या सदरात एका वाचकाने विचारलं होतं, की निवृत्तीनंतर लष्करी वैमानिकाकडे नोकरीची खूण म्हणून काय उरतं. मी एका शब्दात उत्तर दिलं होतं : लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही. त्या शब्दावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळंच लॉगबुकाला देतो आहे. मी बावीस वर्षं वायुदलात मालवाहू विमानं चालवली, बहुतेक काळ एएन-३२, जोरहाट आणि चंडीगडहून. लढाऊ विमानांवरच्या मंडळींच्या सवयी थोड्या वेगळ्या असतील, पण वही तीच.

*मुलगा वायुदलाच्या अकादमीत उड्डाण शिकतोय. रात्री फोन केला की म्हणतो, "आई, दहा मिनिटांनी कर, लॉगबुक भरतोय." आता सगळं कॉम्प्युटरवर असेल ना, असं विचारलं तर म्हणाला, असतं, तरी हाताने भरायचंच. एवढं काय असतं त्या वहीत? आणि घरून मी काही मदत करू शकते का?*
— एक आई, सातारा

ताई, ती दहा मिनिटं त्याला जरूर द्या.

वही उघडली की डावं आणि उजवं पान मिळून एक ओळ चालते. डावीकडे तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नंबर, कॅप्टनचं नाव, दुसऱ्या पायलटचं नाव, आणि मग सगळ्यात रुंद रकाना ड्यूटीचा : कुठून कुठे, कशासाठी, काय झालं, काही शेरा असेल तर तो. उजवीकडे नुसते तास आणि मिनिटं. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, शिक्षकाबरोबरची वेगळी, स्वतः कॅप्टन म्हणून केलेली वेगळी, ढगात नुसत्या यंत्रांच्या भरवशावर काढलेली वेगळी. पानाच्या तळाशी बेरीज, तीच पुढच्या पानाच्या माथ्यावर. वाण्याच्या खतावणीसारखं, मागील पानावरून पुढे.

आत्ता तुमच्या मुलाच्या प्रत्येक ओळीत कॅप्टन म्हणून शिक्षकाचं नाव असेल आणि शेजारी 'सेल्फ'. मग एक दिवस 'सेल्फ' कॅप्टनच्या रकान्यात येतो आणि शेजारी लिहायला कुणाचंच नाव नसतं. तो पहिला सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण. माझ्या वहीत ती ओळ १९८८ ची आहे, एचपीटी-३२ या प्रशिक्षणाच्या विमानावरची, अवघ्या दहा मिनिटांची. एक चक्कर आणि उतरणं. त्या ओळीतलं अक्षर आख्ख्या पानात सगळ्यात मोठं आहे. लिहिताना ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कॉम्प्युटरात तास बसतात हे खरं. पण महिन्याच्या शेवटी फ्लाइट कमांडर तुमच्यासमोर वही उघडतो, बेरजा तपासतो, कमांडिंग ऑफिसर सही करतो, आणि वर्षाअखेरीला त्याच वहीत तुमचं मूल्यमापन लिहिलं जातं. शिवाय हाताने लिहिताना उड्डाण मनातल्या मनात पुन्हा एकदा होतं. शिकाऊ पोराला याची फार गरज असते.

त्याला माझ्याकडून एवढंच सांगा. ओळ त्याच दिवशी भरायची. वेळ आठवून लिहायची नाही, ऑथ बुकातून घ्यायची. ऑथ बुक म्हणजे स्क्वाड्रनची ती वही, जिच्यात उड्डाणाआधी कॅप्टन सही करतो आणि उतरल्यावर वेळ नोंदवतो. आठवड्याचं एकदम भरायला बसलं की सोमवारची सॉर्टी (सॉर्टी म्हणजे एक उड्डाण) आणि गुरुवारची सॉर्टी सारखीच वाटायला लागते, आणि पहिला रिकामा राहतो तो शेऱ्याचा भाग. तिथे तीन-चार शब्द रोज हवेतच. माझ्या तिसऱ्या वहीत एक ओळ आहे : 'लेह. दहानंतर वारा वाढला.' चंडीगडहून लेहला आम्ही पहाटेच निघायचो, कारण ऊन चढलं की आधीच विरळ असलेली तिथली हवा आणखी विरळ होते आणि दरीतून वारा सुटतो. ते शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कळलं त्या दिवशी, आणि कळल्याची तारीख माझ्याकडे आहे.

चुकलं तर व्हाइटनर नाही. एक सरळ रेघ मारून वर बरोबर आकडा आणि शेजारी आद्याक्षरं. खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

आणि तुमची मदत : पक्क्या बांधणीची एक साधी वही त्याला घेऊन द्या. तिच्यात दर महिन्याला फक्त प्रकारवार तासांच्या आणि सॉर्टींच्या बेरजा उतरवायच्या, ठिकाणं आणि कामं नाहीत. सुट्टीवर आला की ती वही साताऱ्याला तुमच्या कपाटात. का, ते पुढे नागपूरच्या पत्रात येईल.

*आमचा मुलगा अमेरिकेच्या नौदलात पेन्साकोलाला उड्डाण शिकतोय. त्याच्या लॉगबुकात १.३ असं लिहिलेलं असतं. माझे वडील भारतीय वायुदलात होते, त्यांच्या वहीत १.३५ अशी नोंद दिसते. दोन्ही एकच पद्धत आहे का?*
— एक वाचक, टेक्सास

नाही, आणि यात भले भले फसतात. तुमच्या वडिलांची १.३५ म्हणजे एक तास पस्तीस मिनिटं. ब्रिटिश वायुदलाकडून आपल्याकडे आलेली ही पद्धत, तो टिंब दशांशाचा नव्हे. मुलाचे १.३ म्हणजे एक तास आणि तासाचे तीन दशांश, म्हणजे एक तास अठरा मिनिटं. अमेरिकेत सहा मिनिटांचा एक दशांश धरतात.

वडिलांच्या वहीची बेरीज कॅल्क्युलेटरवर करू नका. १.३५ आणि ०.५० मिळवले तर यंत्र १.८५ सांगेल, खरं उत्तर दोन तास पंचवीस मिनिटं. म्हणून मी तरुण मुलांना टिंबाऐवजी १:३५ असं दोन बिंदूंनी लिहायला सांगतो. बेरीज आधी पेन्सिलीने, उभी आणि आडवी, दोन्ही जुळल्या की शाई.

मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगा, सॉर्टींची संख्याही मोजत जा. लष्करात बहुतेक ठिकाणी चाक सुटल्यापासून चाक टेकेपर्यंतचा वेळ धरतात. नागरी विमानसेवेत विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं. म्हणून अमेरिकेतल्या काही विमान कंपन्या लष्करातून येणाऱ्या वैमानिकाच्या प्रत्येक सॉर्टीमागे ०.२ किंवा ०.३ तास जादा धरून हिशेब करतात. ज्याच्याकडे नुसते तास आहेत आणि सॉर्टींचा आकडा नाही, त्याला हे मागताच येत नाही.

*आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत आजोबांचं लॉगबुक सापडलं. ते दुसऱ्या महायुद्धात वायुदलात होते. काही ओळी लाल शाईत आहेत, काही हिरव्या. १९४४ च्या पानांवर पाच-सहा ठिकाणी 'डीएनसीओ' आहे. त्याचा अर्थ 'ड्यूटी नॉट कॅरीड आउट' असं कळलं. आजोबांनी काम टाळलं होतं का? शेवटी त्यांचं मूल्यमापन 'ॲव्हरेज' असं केलंय. घरात आम्ही त्यांना फार शूर समजत आलो. पानांचे फोटो पाठवते आहे.*
— एक नात, पुणे

ताई, तुमचे फोटो मी दोन संध्याकाळी पुढ्यात घेऊन बसलो होतो. मनातली शंका आधी काढून टाकतो : आजोबांनी काहीही टाळलेलं नाही.

डीसीओ म्हणजे ड्यूटी कॅरीड आउट, डीएनसीओ म्हणजे ती पुरी झाली नाही. का झाली नाही, हे त्या अक्षरांत नसतं. इंजिन बिघडलं, रेडिओ बंद पडला, लक्ष्य दिसलंच नाही, वरून परत बोलावलं, काहीही असू शकतं. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत मे महिन्यातली डीएनसीओची ओळ बघा. तिच्या शेवटी बारीक अक्षरात १०/१० लिहिलंय. तुम्हाला ते शाळेतल्या मार्कांसारखं वाटलं असेल. ते ढग आहेत. त्या काळी आकाशाचे दहा भाग कल्पून किती भाग झाकलेत ते लिहायचे. दहापैकी दहा म्हणजे खालची जमीन कुठेच दिसत नव्हती. उजवीकडे वेळ २.०५ आहे. म्हणजे तुमचे आजोबा बॉम्ब घेऊन डोंगरांवरून दोन तास पाच मिनिटं उडाले, खाली काही दिसेना म्हणून परत फिरले. आणि दुसऱ्या दिवशीची ओळ? तेच ठिकाण, डीसीओ.

आता ते काय उडवत होते ते सांगतो, म्हणजे त्या दोन तासांचं वजन कळेल. वहीच्या पहिल्या पानांवर जोधपूर आणि टायगर मॉथ आहे, मग अंबाला आणि हार्वर्ड, ही दोन्ही प्रशिक्षणाची विमानं, मग पेशावर आणि व्हेंजन्स. युद्धकाळात शिकून निघालेल्या भारतीय वैमानिकाचा हा सरळ रस्ता होता. व्हेंजन्स हे अमेरिकन बनावटीचं दोन माणसांचं डाइव्ह बॉम्बर. लक्ष्याच्या वर जाऊन नाक जवळजवळ सरळ खाली करायचं, बॉम्ब सोडायचा आणि वर काढायचं. भारतीय वायुदलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ती विमानं चालवली. तुमचे आजोबा सातव्यात होते. १९४४ च्या वसंतात जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमापर्यंत आल्या, तेव्हा हे लोक आसामातल्या काछारच्या सपाटीवरून उडून मणिपूरचे डोंगर ओलांडायचे. दुसऱ्या पायलटच्या रकान्यात एकच नाव ओळीने अकरा वेळा आलंय, बघितलंत का? तो मागे पाठीला पाठ लावून बसणारा सहकारी. त्या नावाचा शोध घ्या. कुणाच्या तरी घरात तशीच दुसरी वही असेल आणि तिच्यात तुमच्या आजोबांचं नाव अकरा वेळा असेल.

शाईचं म्हणाल तर साधं उड्डाण निळ्या किंवा काळ्या शाईत, रात्रीचं लाल, आणि शत्रूवरची दिवसाची मोहीम हिरव्या, असा सर्वसाधारण रिवाज होता. स्क्वाड्रनगणिक त्यात फरक पडायचा, म्हणून रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी शेजारचा रात्रीचा रकाना भरलाय का ते बघावं. तुमच्याकडच्या हिरव्या ओळी मात्र सरळ मोहिमांच्याच आहेत. मी मोजल्या.

राहिला 'ॲव्हरेज'. ब्रिटिश पद्धतीत मूल्यमापनाच्या चार पायऱ्या होत्या : असामान्य, सरासरीहून वर, सरासरी, सरासरीहून खाली. यातली सरासरी म्हणजे आपल्या मार्कशीटवरचा काठावर पास नव्हे. ज्यांना निवडून, गाळून, शिकवून आघाडीवर धाडलं, त्यांच्यातली सरासरी ती. या माणसाच्या हाती विमान आणि मागे बसलेल्या माणसाचा जीव द्यायला हरकत नाही, असा त्या सहीचा अर्थ. मलाही वर्षानुवर्षं तोच शेरा मिळाला आणि तो घरी सांगताना मला कधी कमीपणा वाटला नाही. आजोबांना शूर म्हणत राहा.

या वहीची काळजी घ्या. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, पंचिंग करून फाइलला तर मुळीच नाही. आधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, कोरी पानं आणि आतली सुटी चिठ्ठीसुद्धा. मग धुतलेल्या मलमलीत गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवा, उभी नको, शिवण सुटते. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा.

वही तुमच्या घरात राहिली हेच केवढं मोठं आहे. ब्रिटिश वायुदलाकडे युद्धानंतर न नेलेली हजारो लॉगबुकं पडून होती. त्यांतली मोजकी नमुन्यादाखल ठेवून बाकीची १९६० मध्ये नष्ट केली गेली. त्या काळच्या कितीतरी वह्यांत शेवटची ओळ दुसऱ्याच माणसाच्या अक्षरात असते, कारण ज्याची वही तो परतला नव्हता. तुमच्याकडच्या वहीत शेवटपर्यंत एकच अक्षर आहे.

*माझे पती सेवेत आहेत. त्यांचे हजार तास पूर्ण झाले त्या लॉगबुकाच्या पानाचा फोटो समाजमाध्यमावर टाकला तर चालेल ना? नाव झाकून टाकेन.*
— एक वाचक, बेळगाव

नाही, ताई. मनापासून सांगतो, टाकू नका. नाव झाकलं तरी त्या पानावर तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ आणि कशासाठी, हे सगळं ओळीने असतं. एका ओळीत काही नसेल, पण वीस ओळींवरून स्क्वाड्रन काय करते आहे हे जाणकाराला दिसतं. हजार तासांचा आनंद मोठा आहे. पेढे वाटा, दोघांचा फोटो टाका. वही बंदच असू द्या.

*पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, सर. नागरी लायसन्ससाठी लॉगबुकाची काय तयारी ठेवू? आणि एखादी वही हरवली असेल तर काय करतात? माझी पहिली सापडत नाहीये.*
— एक सेवारत वैमानिक, नागपूर

आधी सोपं सांगतो. नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या एटीपीएल या, म्हणजे विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्ससाठी एकूण १५०० तास लागतात, त्यांत रात्रीचे, कॅप्टन म्हणून केलेले आणि यंत्रांवरचे तास वेगवेगळे दाखवावे लागतात. एकूण आकडा मोठा असला म्हणून भागत नाही, फोड बरोबर हवी. आपल्याकडे गडबड होते ती नेमकी फोडीतच. डिसेंबरात जोरहाटला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. चारला निघालेली सॉर्टी सहाला उतरली तर तिचे दोन तुकडे करून दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे लिहायचे असतात. ज्यांनी तेव्हा आळस केला ते वीस वर्षांनी सूर्यास्ताची कोष्टकं घेऊन बसतात. एकाच विमानात दोघं कॅप्टन दर्जाचे असले तरी त्या दिवशीचा कॅप्टन एकच, ऑथ बुकात ज्याची सही तो. ढगातल्या वेळेबद्दलही हात आखडता ठेव. ढगाच्या कडेने गेलो, ते ढगात उडणं नव्हे. शेवटच्या युनिटमधून निघण्याआधी सगळ्या बेरजा प्रमाणित करून घे, नंतर सही मागत हिंडणं फार जड जातं.

आता हरवलेल्या वहीचं. तुझ्या पत्रातली ही ओळ वाचून मी थोडा वेळ थांबलो, कारण माझ्यावर ही पाळी आली आहे. माझी दुसरी वही, १९९३ ते १९९८ ची, बदलीत गेली. एरवी मी ती हातातल्या बॅगेत ठेवायचो. त्या वेळी घरात लहान मूल, सामानाची घाई, आणि मी ती काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या मध्ये ठेवली. ट्रक आला, आठ ट्रंका निघाल्या होत्या, सात पोचल्या. माल नेणाऱ्यांच्या गोदामात मी स्वतः दोन दिवस शोधलं. मिळाली नाही. रीतसर कळवलं, चौकशी झाली, आणि मग ती पाच वर्षं पुन्हा उभी करण्याचं काम सुरू झालं.

तू असं कर. आधी ज्या ज्या युनिटमध्ये होतास तिथे पत्र लिही आणि ऑथ बुकांच्या नोंदी माग. लवकर माग, कारण ती पुस्तकं ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. माझ्या बाबतीत सुरुवातीचे काही महिने असेच गेले होते. कॉम्प्युटरवर जे आहे ते छापून घे. आणि मग सगळ्यात भरवशाचा मार्ग : तुझ्याबरोबर कोण कोण उडालं ते आठव. एएन-३२ वर आमच्यात नेव्हिगेटर असायचा, फ्लाइट इंजिनिअर असायचा. प्रत्येकाची आपापली वही. माझा त्या काळातला नेव्हिगेटर तेव्हा आग्र्याला होता. मी सुट्टी काढून गेलो आणि त्याच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर दोन दिवस त्याची वही उतरवून घेतली. तो केरळचा. वहिनींनी सकाळी पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची कडला करी ठेवली होती, तेवढ्यापुरतं मी पेन खाली ठेवलं. तो शेजारी बसून तारीख, नंबर, वेळ वाचायचा, मी लिहायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौदा महिने परत आले. नव्या वहीवर 'पुनर्लिखित' असं लिहून कमांडिंग ऑफिसरने सही केली आणि पुढे ती सगळीकडे चालली.

तुझी पहिली वही म्हणजे प्रशिक्षणाची असणार. सुरुवात तुझ्या बॅचमेट्सपासून कर. आणि राहिलेल्या वह्यांची आजच झेरॉक्स काढून दुसऱ्या गावी ठेव.

*मी नववीत आहे. मला पायलट व्हायचंय. तुमच्या लॉगबुकातली तुमची सगळ्यात आवडती ओळ कोणती?*
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

बाळ, तुझ्या प्रश्नाला दहा मिनिटांच्या त्या पहिल्या सोलोचं उत्तर द्यावं असं आधी वाटलं. पण खरं उत्तर वेगळं आहे.

१९९६ चा पावसाळा संपत आला होता. अरुणाचलात मेचुका नावाचं गाव आहे, चहूबाजूंनी डोंगर, मधे सपाट खोरं आणि त्यात धावपट्टी. तेव्हा तिथल्या लोकांना मीठ, तांदूळ, रॉकेल सगळं विमानानेच जायचं. आम्ही सामान उतरवलं आणि निघणार तेवढ्यात एक बाई चालत आली, कडेवर मुलगी, सोबत तिथला वैद्यकीय सहायक. पोरगी चार वर्षांची असेल, पोटाच्या दुखण्याने वाकली होती. तिला दिब्रुगडच्या मेडिकल कॉलेजात पोचवायचं होतं. वरून परवानगी आली, आम्ही जोरहाटऐवजी दिब्रुगडजवळच्या मोहनबारी विमानतळाकडे निघालो. खिंडीच्या तोंडावर ढग बसत होते. नेव्हिगेटर मिनिटं मोजून दिशा सांगत होता, आणि फ्लाइट इंजिनिअर मागे वळून वळून त्या मुलीकडे बघत होता. पंचेचाळीस मिनिटांनी उतरलो. ॲम्ब्युलन्स उभी होती. आठवड्याने कळलं की ऑपरेशन झालं आणि ती बरी आहे.

त्या रात्री मी ओळ भरली. तारीख, विमानाचा नंबर, सेल्फ, मेचुका ते मोहनबारी, ०:४५. आणि पुढे शेरा लिहिला, चार शब्दांचा.

ती वही हरवलेल्या ट्रंकेत होती. आग्र्याला त्या टेबलावर नेव्हिगेटरने ही तारीख वाचली तेव्हा आम्ही दोघंही थांबलो. त्याच्या वहीत होतं : 'कॅज-इव्हॅक, ०:४५.' कॅज-इव्हॅक म्हणजे रुग्णाला विमानाने हलवणं. मी तेवढंच उतरवून घेतलं. पंचेचाळीस मिनिटं मला परत मिळाली. माझे चार शब्द काय होते ते मात्र त्याला सांगता येईना, आणि मलाही आठवेना. तीन आठवतात. 'मुलगी शेवटपर्यंत जागी.' असं काहीसं. चौथा अजून शोधतो आहे, म्हणून त्या ओळीपुढे मी पेन्सिलीने थोडी जागा सोडून ठेवली आहे.